मीटरकाकूंनी ‘हो’ म्हटलं

गल्लीत सगळे त्यांना मीटरकाकू म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी एकतीस वर्षं पायपीट करून मिळवलं होतं. वीज कंपनीत त्या मीटर वाचायच्या. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, मागे कुत्री. जिन्याखालचे, माळ्यावरचे, चपलांच्या कपाटामागचे, एका घरात तर चक्क न्हाणीघरात बसवलेले मीटर त्यांनी वाचले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कोणाकडे गेल्या की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी त्यांची नजर दाराच्या वर जायची.

घरात त्यांचा दरारा होता तो दिव्यांवर. खोलीतून माणूस बाहेर पडला की त्याचा पाय उंबऱ्यावर असतानाच दिवा बंद. कधीकधी माणूस बाहेर पडायच्या आधीच.

“आई, मी आत आहे,” लेक न्हाणीघरातून सांगायची.

“मग आवाज करत जा. गप्प बसलीस तर मला कसं कळायचं?”

लेक स्वयंपाकघरं आखून द्यायची. स्वतः अंडं उकडायला ठेवलं तर पातेलं जळेपर्यंत विसरणारी ही मुलगी दुसऱ्यांना ओटा किती उंच हवा, सुरीचा खण कुठे हवा आणि झाकणं कुठे हरवणार नाहीत हे छातीठोकपणे सांगायची. आधी ती एका कार्यालयात हेच काम करायची. सहा महिन्यांपूर्वी तिनं ती नोकरी सोडली आणि बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. त्या दिवशी काकूंनी लेकीला दोनदा जेवायला वाढलं आणि झोपायच्या आधी एवढंच विचारलं, “वेळ आली तर साहेब परत घेतील ना गं?”

टेबलावर एक लॅपटॉप होता. मांडीवर ठेवायचा म्हणून घेतलेला, पण ठेवला तर मांडी मोडेल असा. त्याचा चार्जर विटेएवढा. लेक म्हणायची, याच्या पोटात दोन इंजिनं आहेत, एक साध्या कामाचं आणि एक चित्रांचं, आणि ते दुसरं आहे म्हणून माझं पोट भरतंय. कारण त्या दुसऱ्याच्या जोरावर गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या अजून न बांधलेल्या स्वयंपाकघरात फिरून यायचं. खण उघडायचे, खिडकीतून ऊन यायचं, वळून पाहिलं की फ्रिज दिसायचा.

काकूंना या यंत्राला हात लावायची बंदी होती, आणि बंदीला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी त्याच्यावरची धूळ फडक्यानं पुसली. पुसताना बटणंही पुसली. एका बाईंच्या ओट्यावर एकशे बारा नळ उगवले. तेव्हापासून रविवारी लांबच्या मावशीशी पडद्यावर बोलायचं तेवढी सूट होती, आणि तेवढ्यासाठी लेकीनं यंत्राची भाषा मराठी करून दिली होती.

त्या दिवशी चार वाजता दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी येणार होते. लेकीला मिळू पाहणारं हे पहिलं अख्खं स्वयंपाकघर. आजवर एखादं कपाट, एखादा ओटा, यापलीकडे मजल गेली नव्हती. बाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं, “कागदावरच्या रेघा मला कळत नाहीत. आत फिरवून आणा, मग बोलू. सहा वाजता आम्ही दुसऱ्या एकांकडे जाणार आहोत, आणि आज काय ते ठरवणार आहोत.”

सकाळी आठ वाजता लेक आंघोळीला गेली आणि टेबलावरचं यंत्र आपणहून बंद होऊन आपणहून सुरू झालं. रात्रभर त्यात काहीतरी नवं उतरत होतं, ते आता बसलं. काकू शेजारी पालेभाजी निवडत होत्या. पडद्यावर अक्षरं आली: स्वागत आहे. आपली प्रणाली अद्ययावत झाली आहे. खाली एक प्रश्न होता: ऊर्जा बचत नेहमी चालू ठेवायची आहे का? त्याखाली दोन चौकटी, हो आणि नाही.

काकूंनी बंद न्हाणीघराकडे पाहिलं. मग प्रश्नाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही अर्जावरचा रकाना कोरा सोडला नव्हता. आणि प्रश्नही असा, की याला नाही कोण म्हणेल? त्यांनी हात पदराला पुसले आणि एका बोटानं, नळ उगवणार नाहीत अशा बेतानं, ‘हो’ वर दाबलं. पडदा शहाण्यासारखा पुढे सरकला. त्या यंत्राबद्दल काकूंना पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

साडेनऊला लेकीनं डॉक्टरांचं स्वयंपाकघर उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. दारातून आत शिरायचं तर पडदा पाऊल टाकायचा, थांबायचा, विचार करायचा, मग पुढचं पाऊल. खण ओढला की अर्ध्यावर अडकायचा आणि मग एकदम बाहेर. ऊन तर चौकोनाचौकोनांनी येत होतं. तिनं यंत्र बंद करून सुरू केलं, बाकीची सगळी कामं मिटवली, फाईल हलकी करून पाहिली. फरक शून्य.

“अपडेटनं घात केला,” ती म्हणाली.

“बाहेरचं काही घरात घेतलं की असंच होतं,” काकू म्हणाल्या.

लेकीनं दुरुस्तीवाल्या दादाला फोन लावला. बाजारात दोन दुकानांच्या फटीत त्याचं दुकान होतं. तोंडात स्क्रू धरून बोलायची सवय असल्यामुळे तो फोनवरही अर्धवट तोंड मिटूनच बोलायचा.

“डिस्प्लेमध्ये जा,” तो म्हणाला.

“डिस्प्ले नाहीये. प्रदर्शन आहे.”

“कसलं प्रदर्शन?”

“मराठी करून ठेवलंय मी, आईसाठी. यात डिस्प्लेला प्रदर्शन म्हणतात.”

“बरं. मग तिकीट काढून त्या प्रदर्शनात जा. आता खाली ग्राफिक्स शोध.”

“चित्रालेख असेल का?”

“हे बघ ताई, मला सगळं जागेवरून पाठ आहे, नावावरून नाही. अपडेटनं जागा बदलल्या, तू नावं बदललीस. मीच येतो.”

तो साडेअकराला आला, खुर्चीत बसला आणि दहा मिनिटांत निदान केलं. “ड्रायव्हर. अपडेटनं जुना ड्रायव्हर काढून आपला बसवलाय.”

“म्हणजे गाडी तीच, माणूस नवा,” काकू दारातून म्हणाल्या. “त्याला रस्ते माहीत नाहीत.”

“काकू, दुकानात बसायला या. मला असं समजावता येत नाही गिऱ्हाइकांना.”

नवा ड्रायव्हर काढला. जुना शोधून बसवला. यंत्र बंद, यंत्र सुरू. डॉक्टरांचं स्वयंपाकघर पूर्वीसारखंच लंगडत होतं. मग त्यानं यंत्र पालथं घालून उघडलं, ब्रशनं पंख्याची धूळ काढली. एका पंख्यातून लेकीचं हरवलेलं कानातलं निघालं, पण वेग काही निघाला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान दिसत होतं. अपडेटनं आणलेली शोभा असेल म्हणून त्यानं त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

दीड वाजला. चहाचे दोन कप झाले होते.

“आता एकच,” तो म्हणाला. “अपडेट मागे घ्यायचं. जुनं होतं तसं परत बसवायचं.”

“किती वेळ?”

“तीन तास धर. जास्तही लागतील. मध्येच अडकलं तर...” पुढचं त्यानं स्क्रूंबरोबर तोंडातच ठेवलं.

कार्यालयात असताना लेक अशा वेळी कोणावर तरी तडकायची. आता तडकायला वर साहेब नव्हते, खाली कोणी नव्हतं. ती नुसती घड्याळाकडे पाहत राहिली. काकूंना ती एकदम दुसरीतली दिसली, गणिताच्या पेपराला पेन्सिल विसरून गेलेली.

“त्यांना उद्या या म्हण,” त्या हळूच म्हणाल्या.

“सहाला ते दुसरीकडे जाणार आहेत, आई. उद्या नाहीये.”

काकू कप उचलायला टेबलाशी वाकल्या. एक कप चार्जरला टेकून ठेवला होता. तो उचलताना त्यांचा हात त्या विटेला लागला, आणि तिथेच थांबला.

मीटर वाचणाऱ्याचे डोळे आकड्यांवर असतात असं लोकांना वाटतं. काकूंचे हात जास्त तयार होते. एकदा एका पिठाच्या गिरणीचा मीटर तीन महिने जागचा हलला नव्हता. मालक सांगत होता, गिरणी बंद आहे. काकूंनी बोलता बोलता भिंतीला हात टेकला होता. पलीकडे मोटर होती आणि भिंत भाकरीच्या तव्यासारखी तापलेली होती. नव्या मुलींना त्या शिकवायच्या, गरम तिथे वीज, गार तिथे थाप.

“हे गार आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ही वीट. एरवी तू ते खण उघडझाप करायला लागलीस की हिला हात लाववत नाही. आणि पंख्याचा आवाज कुठे आहे? मिक्सर लावल्यासारखा ओरडतो तो. सकाळपासून हे यंत्र हूं की चूं करत नाहीये.” त्यांनी दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. “भाऊ, याला धाप लागलेली नाही. हे जोर लावतच नाहीये. दुसरं इंजिन वीजच खात नाहीये.”

दुरुस्तीवाल्यानं स्क्रू तोंडातून काढून तळहातावर घेतले. चार्जरला हात लावला. यंत्राच्या पाठीला लावला. “खरंच की. अडवलंय कोणीतरी त्याला.”

आणि कोणी अडवलंय ते काकूंना त्याच क्षणी कळलं. गप्प बसायची सोय होती. अपडेटवर खापर फुटलंच होतं, आणि ते काही उलटून बोलणार नव्हतं. पण मग तीन तास गेले असते आणि डॉक्टरही गेले असते.

“सकाळी तू आंघोळीला होतीस,” त्या म्हणाल्या, “तेव्हा त्यानं एक प्रश्न विचारला.”

लेकीनं मान वळवली. “कोणी?”

“यानंच. ऊर्जा बचत नेहमी चालू ठेवायची का, म्हणून. मी हो म्हटलं.”

दुरुस्तीवाल्याची खुर्ची गर्रकन यंत्राकडे वळली. “बचत... बचत... ताई, इथे ऊर्जेचं पान कुठलं? हे का?” त्याला अक्षरं लावत लावत जावं लागलं, पण तो पोचला. चार्जर लावलेला असो वा नसो, बचत नेहमी चालू. त्यानं ती बंद केली. कोपऱ्यातलं हिरवं पान गेलं. लेकीनं स्वयंपाकघर उघडलं, आणि दोन श्वासांत पंखा ओरडायला लागला.

खण लोण्यासारखा बाहेर आला.

दुरुस्तीवाला हसत सुटला. “काकू, तुम्ही चोर पण आणि पोलीस पण.” कोणी साथ देत नाही असं पाहून तो हसायचा थांबला, हत्यारं गोळा केली आणि निघाला.

दार लागल्यावर लेक म्हणाली, “साडेनऊपासून, आई. तू इथेच होतीस.”

“मला वाटलंच नाही त्याचा याच्याशी संबंध असेल. बचतीनं कधी कोणाचं वाईट झालंय?”

“आज माझं होणार होतं.”

काकू कप घेऊन आत गेल्या आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या.

चार वाजता डॉक्टर आणि बाई आले. काकू आतच राहिल्या. दार अर्धवट उघडं होतं, तेवढ्यातून ऐकू येत होतं. डॉक्टर पडद्यापुढे असे वाकले असावेत जसे कोणाच्या जबड्यापुढे वाकतात, कारण बाई म्हणाल्या, “अहो, सरका, मलाही दिसू दे.” मग खण उघडले, मिटले. ऊन आलं. पंखा जोरात चालला होता, आणि त्याचा आवाज जरा खाली गेला की काकूंच्या हातातलं भांडं थांबायचं.

“खिडकी या भिंतीला घेतली तर?” बाईंनी विचारलं.

“घेऊन बघू या,” लेक म्हणाली.

थोडी खटखट झाली. “ही बघा.”

“अगं बाई. म्हणजे सकाळचं ऊन थेट ओट्यावर येणार. आणि फ्रिज?”

“तो इकडे. आता तुम्ही दारातून आत या. हं, वळा.”

बराच वेळ बाई पडद्यावरच्या स्वयंपाकघरात फिरत राहिल्या. दोनदा बाहेर जाऊन परत आल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, “सहा वाजता जायचंय ना आपल्याला?”

“कशाला?” बाई म्हणाल्या. “तिथे पुन्हा पहिल्यापासून खिडकी हलवायची का? तुम्ही त्यांना फोन करून टाका.” मग लेकीला म्हणाल्या, “शनिवारी माप घ्यायला या.”

ते गेल्यावर लेक आत आली. ओट्याला टेकून उभी राहिली. निवडलेल्या भाजीतली एक काडी उचलली आणि तिचे बारीक तुकडे करत बसली. लहानपणापासून रुसवा निघायच्या बेतात असला की ती हेच करायची.

“शनिवारी माप घ्यायला जायचंय,” ती म्हणाली. “मोठी खोली आहे. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेल.”

काकूंनी नळ बंद केला. “किती वाजता?”

“साडेनऊ.”

“मग सव्वानऊला निघू,” काकू म्हणाल्या. “पहिल्यांदा जातोय त्यांच्याकडे, उशीर नको.”