लेकरांला न्हाई येत

दरवर्षी आम्ही नवरा-बायको आमच्या कुत्र्या-मांजराला घेऊन स्वतःच्या नावेतून धरणातल्या बेटावर चार दिवस मुक्कामाला जातो. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून डोंगरकड्यावरच्या गावातले लोक या वरातीला हसतात. धरणाच्या काठावरचा एक मासेमार मात्र जाळं उकलता उकलता, मान वर न करता विचारतो, “लेकरं बराबर हायेत ना?”

यंदा त्याने कुत्र्या-मांजराच्या पोटाला थर्माकोलचे तुकडे बांधले. मांजराने ओरबाडलं, तरी गाठ पक्की केली.

“आन् आमाला?” बायकोने विचारलं.

“तुमाला पवता येतं. लेकरांला न्हाई येत.”

कुत्र्याला उपजतच पोहता येतं, हे सारा जन्म पाण्यावर काढलेल्या त्या माणसाला काय माहीत नव्हतं?

बेटावर उतरल्यावरही बायकोने त्या गाठी मला सोडू दिल्या नाहीत.