पाकळीचा पुरावा

फुलाची पाकळी उजव्या बाजूला पडली म्हणून मी एका पोराला चोर ठरवलं होतं, आणि तसं सरकारी कागदावर लिहून, सही-शिक्का मारून वर पाठवूनही दिलं होतं. ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही माझे कान गरम होतात.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून थोडाच काळ झाला होता. डिचोली तालुक्यातल्या एका चौकीत मी उपनिरीक्षक होतो. चौकीची नवी पाटी कोंकणीत लिहायची की मराठीत, यावर शिपायांत दोन तट पडले होते, त्यामुळे दारावर कोरीच पाटी टांगली होती. आत बसलेल्या अधिकाऱ्याचं डोकंही तसंच होतं, म्हणायला हरकत नाही.

एक दिवस टपालातून चारित्र्य पडताळणीचा कागद आला. गावातला एक मुलगा सैन्यभरतीत निवडला गेला होता. मुलाला एकविसावं पुरं व्हायला दीड महिना उरलेला. म्हणजे वयाच्या अटीमुळे पुढची भरती त्याच्यासाठी नव्हती. अशा वेळी घरी जायचं, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, चौकीची नोंदवही तपासायची, अशी पद्धत. मी यातलं काहीही केलं नाही. देवस्थान समितीच्या अध्यक्षांच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसलो, आणि समोर आलेली पातळ भाजी गरम उंड्याबरोबर, आमच्याकडच्या गोल पावाबरोबर, खाऊ लागलो.

"खंयचो फौजी तो, सायबा?" अध्यक्ष म्हणाले. "भायल्याचो पोर. बापूस दारू पिऊन मेलो. देवळातली मोठी समई गेली ना, ती त्यानंच नेली. देवानं कौल दिलाय."

कौल म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली की 'होय', डावी पडली की 'नाही'. मी पेडण्याचा. आमच्या घरात कौलाशिवाय कधी सोयरीक जमली नाही, की विहीर खणली नाही. त्या पोराच्या नावाला उजवी पडली म्हटल्यावर माझा तपास संपलाच. कागदावर लिहिलं : 'सदर उमेदवार देवस्थानाच्या मालमत्तेच्या चोरीत संशयित असल्याचे समजते.' 'समजते' हा शब्द आमच्या खात्यात फार कामाचा. काही समजलेलं नसलं की आम्ही तो लिहितो.

चार दिवसांनी तो मुलगा आईला घेऊन चौकीत आला. भरती कार्यालयातून त्याला कळवलं होतं, पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आहे, सोमवारपर्यंत दुरुस्त होऊन आला नाही तर नाव रद्द.

मी दरडावूनच सुरुवात केली. "समई कुठं विकलीस?"

"कोणती समई, साहेब?"

"रोज पहाटे घरातून कुठं जातोस? गाव सांगतो मला."

"खाणीच्या मातीच्या डोंगरावर. धावायला."

"धावायला? मग पाठीवर पोतं कशाला असतं?"

"वजन लागतं, साहेब. रेती असते त्यात."

तशी आई उठली. सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आलेली बाई, हात लोखंडाच्या मातीनं कायमचे लाल झालेले. "घोवान दारयेत घर बुडयला, सायबानू. घरातली भांडी इकली, माका मारल्यान, पोराचा दप्तर चुलीत घातल्यान. ह्या पोरान ट्रक धुवन शाळा केली. सात वर्सां. तुमका एक फूल पडलेला दिसला, आणि सात वर्सां दिसली नाय?"

त्यावर मी तिच्यावरच ओरडलो. ही माझी जुनी खोड.

ती दोघं बाहेर बाकावर जाऊन बसली, तेव्हा आमचे हवालदार खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक विचारू? देवाला नावं किती विचारली होती?"

मी विचारलंच नव्हतं. दोघं उठून तडक पुजाऱ्याकडे गेलो. पुजारी चाचरत म्हणाले, "तीन."

"कोणाची?"

तिन्ही खाणीवरच्या भायल्यांची, बाहेरून कामाला आलेल्यांची. गावकरांपैकी एकाचंही नाव देवापुढे ठेवलं नव्हतं. पहिल्या दोघांना डावी पडली, तिसऱ्याला उजवी. देव बिचारा चौथं नाव सांगणार कुठून?

"आणि समई शेवटची कोणी पाहिली?"

पुजाऱ्यांनी मान खाली घातली. "अध्यक्षांच्या घरच्या लग्नाला नेली होती. गावात लग्न असलं की देवळाची भांडी देतात. परत आली की नाही, ते... मी विचारलं नाही."

म्हणजे न विचारणारा मी एकटा नव्हतो.

अध्यक्षांच्या घरी त्यांच्या बायकोनंच दार उघडलं. समई म्हणताच तिनं भाताच्या कोठीकडे बोट दाखवलं. "ती? ती आमच्या चेडवाच्या लग्नाक हाडली न्हय? थंयच आसा."

मांडवाच्या कापडात गुंडाळलेली समई. मी आतून बाहेर आलेल्या अध्यक्षांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "कौल झाल्यावर माझ्या लक्षात आलं, सायबा. पण मग सांगणार कसं? देव खोटा पडला असता."

देव खोटा पडू नये म्हणून पोराला खोटा पाडला! आणि त्यावर शिक्का मारायला माझ्यासारखा गाढव भाजी-उंड्यावर मिळाला. मला आजही संताप येतो तो याचा, की त्या गृहस्थांवर काहीच कारवाई करता आली नाही. समई चोरीला गेलीच नव्हती, तक्रार लेखी नव्हती. पुढच्या जत्रेत पालखीपुढे पहिला मान त्यांचाच होता.

मी दुरुस्त अहवाल लिहिला आणि स्कूटरवरून स्वतः पणजीला नेला. वरिष्ठांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. "पाकळीचा पंचनामा केलास की नाही?" त्यांनी विचारलं. "ती मुद्देमाल म्हणून जमा कर." सही मात्र त्यांनी त्याच क्षणी केली. शनिवारी दुपारी कागद भरती कार्यालयात पोचला, आणि सोमवारी पोरगा गाडीत बसला.

पुढच्या नोकरीत कोणीही माझ्यापुढे संशयितांची यादी ठेवली, की मी आधी तिच्यात नसलेली नावं विचारत आलो. गरीब घरातल्या, बाहेरून आलेल्या पोराचं चारित्र्य आपण शेजाऱ्याला विचारतो. शेजाऱ्याचं चारित्र्य कोणी विचारत नाही.

तो मुलगा सुभेदार होऊन निवृत्त झाला, तेव्हा गावच्या शाळेत त्याचा सत्कार होता. त्यानं आग्रहानं मलाही बोलावलं, व्यासपीठावर बसवलं. मुख्याध्यापक पुष्पगुच्छ घेऊन माझ्याकडे वळले, तशी पहिल्या रांगेतून त्याची म्हातारी आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली :

"ओ मास्तरांनू, त्येंका फुलां देव नकात! परत कोणाचा तरी वाटोळा करतले."