बॉल मेला नव्हता

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल — आणि तेही भित्रेपणाचंच.

प्रणिता आणि मी किन्हीराजा गावच्या, एकाच वर्गातल्या. आमच्या सरांनी मुलींची बेसबॉलची टीम काढली तेव्हा गावानं आधी पोटभर हसून घेतलं. प्रणिता पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. मी कॅचर, तिच्यासमोर उकिडवं बसून तो झेलणारी. तिचा बॉल सरळ यायचा आणि बॅटजवळ आला की एकदम खाली बुडायचा. भल्याभल्या मुलींच्या बॅटा हवेत फिरायच्या. पण बॉल शेवटच्या क्षणी नेमकं काय करतो, हे टाकणारीला नीट कळत नाही. ते झेलणारीच्या हाताला कळतं. म्हणून प्रत्येक बॉलनंतर ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की तिचं समाधान व्हायचं.

बारावीच्या हिवाळ्यात एका शिबिरात पंजाबातल्या कॉलेजच्या प्रशिक्षकांनी तिला पाहिलं. परीक्षा झाली की ये म्हणाले, राहणं-खाणं-शिकणं सगळं आमच्याकडे. मी शेजारीच उभी होते. मला त्यांनी नावही विचारलं नाही.

घरचे तयार झाले. अडली ती प्रणिताच, आणि तीही थंडीपाशी. तिकडे दुपारपर्यंत धुकं हटत नाही म्हणे — बोटं आखडली तर बॉल बुडणार कसा? "आपण पाहूनच घेऊ न," ती म्हणाली. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, म्हणून तिनं पाण्यानं भरलेली बादली रात्रभर अंगणात ठेवली. सकाळी शाळेच्या मैदानावर त्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसली, ओठ निळे पडेस्तोवर. मग उठली आणि टाकायला लागली.

काय सांगू तुम्हाला — असा बॉल तिनं कधीच टाकला नव्हता. नेहमीपेक्षा उशिरा बुडत होता, नेहमीपेक्षा खोल. ग्लोव्हच्या आत माझा तळवा पेटला होता. संध्याकाळी भाकरी थापतानाही तो चुरचुरत होता.

तिनं माझ्याकडे बघितलं.

"मेला बॉल," मी म्हणाले. "सरळ येऊन राह्यला. कोनी बी मारते याले."

तिनं पुन्हा हात बुडवला, पुन्हा बॉल टाकले. मी पुन्हा तेच सांगितलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना? तिच्या हाताची काळजी वाटली असं म्हणायला मला फार आवडलं असतं. नव्हती वाटली. जळत होते मी. ती गेल्यावर मला कोण विचारणार होतं? आणि ती तिकडे जाऊन मोठी झाली असती तर — ते मला बघवलं नसतं.

ती गेली नाही. माझ्याबरोबर इथल्याच एका कॉलेजात आली. तिथं टीमपुरत्या मुलीही जमल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी तिनं आपला ग्लोव्ह चुलतभावाला देऊन टाकला. आता ती आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, एका शाळेत खेळाची बाई आहे. खचलेली, चिडलेली असती तर मी एक वेळ सोसलं असतं. पण ती हसतमुख आहे. चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकून सांगते, "माहा हात इनं वाचवला. नाही तं पंजाबातून हात हलवत वापस आली असती मी."

मी हसते. दर वेळी हसते. लाज कशी वाटत नाही, असं तुम्ही विचाराल — वाटते हो. वाटून काय उपयोग झाला?

परवा तिचा फोन आला. तिच्या शाळेत रिठद गावची एक मुलगी आहे, तीही पिचर. तिला उत्तरेतल्या एका कॉलेजातून बोलावणं आलंय. प्रणिता तिला नको जाऊ म्हणतेय; थंडीत बॉल मरतो, मी स्वतः करून पाहिलंय, म्हणतेय. मुलगी ऐकेना. म्हणून तिनं मला फोन लावला. "तूच सांग तिले. बॉल तं तुह्याच हातात येत होता."

मुलीनं फोन घेतला. "मावशी, खरंच मरते का हो बॉल?"

इथे तरी मी खरं बोलले असेन, असं वाटतंय तुम्हाला? मलाही वाटलं होतं. तोंड उघडलं — आणि तिच्या शेजारी प्रणिता ऐकतेय, हे ध्यानात आलं.

"हाव," मी म्हणाले. "मरते."

मुलगी "बरं" म्हणाली.

उद्या ती त्या कॉलेजला नकार कळवणार आहे. प्रणिताचा नंबर मला तोंडपाठ आहे. मी अजून फोन केलेला नाही.