खिंडीतली धूळ

पंचवटीच्या बाजारात मोहाच्या फुलांचा वास आला आणि पिशव्या खाली ठेवून मी तिथेच टेकलो. हल्ली लवकर दमतो.

तरुणपणी एका होळीलाही असाच दमलो होतो. सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट सुरगाण्याकडच्या आमच्या गावी पोचलो, तर सगळे भेकराच्या शिकारीला निघालेले. मामांनी मला काठी देऊन खिंडीत उभं केलं. ओरडत जनावर हाकणारे हाकारे जवळ येत गेले आणि मोहाखालून ते छोटं हरीण माझ्या पुढ्यातच आलं. धापा टाकत उभं राहिलं. दया वगैरे काही नाही, माझा हातच उठला नाही. ते निघून गेलं.

खिंडीतून जनावर सोडणाऱ्याला आमच्यात वाटा मिळत नाही, वर वर्षभर टोमणे.

मामा सगळ्यांच्या आधी आले.

"इकडं नाय आलं," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पायाने माती चोळत राहिले. मला वाटलं, विडी विझवताहेत. मग मागच्यांना म्हणाले, "इकडं नाय आलं."

संध्याकाळी एका सशाचे वाटे झाले. माझाही झाला.

आज पिशव्या उचलताना लक्षात आलं, शिकारीला गेल्यावर विडी कुणीच पेटवत नसे. वासाने जनावर फिरतं. मामा धुळीतले खुरांचे ठसे पुसत होते.