विलायती भोंगा आणि माझा शून्य टक्के सल्ला

सासऱ्यांच्या मोटारीचा भोंगा मी त्यांच्याच मोटारीखाली चिरडला, तोही पूजा करताना.

दसऱ्याचा दिवस होता. आम्ही नाशिकहून देवळ्याला सासुरवाडीला गेलो होतो. सासरे, म्हणजे तात्या, कांद्याचे व्यापारी. त्यांच्याकडे पन्नास वर्षांची एक विलायती मोटार होती आणि तिच्या दाराबाहेर हातभर लांबीचा पितळी भोंगा. मागचा रबरी फुगा दाबला की असा आवाज निघायचा, की लिलावातले ट्रॅक्टर आपोआप बाजूला व्हायचे! तात्या म्हणाले, "जावईबापू, हार तुम्ही घाला." मी घातला. घालताना भोंग्यावर जरा रेललो. भोंगा निखळून खाली पडला, ते झेंडूच्या गर्दीत कुणाला कळलंच नाही. मग तात्या म्हणाले, "आता थोडी मागं घ्या." मी घेतली.

जो आवाज आला, तो त्या भोंग्याचा शेवटचा आवाज.

"मना भोंगा!" तात्या ओरडले. (तात्या आमच्याशी साधं मराठी बोलत. आतून कळ आली की अहिराणीवर जात. मना म्हणजे माझा.)

प्रश्न नुसता भोंग्याचा नव्हता. वैशाखात माझ्या मेहुणीचं, सुषमाचं लग्न होतं. माझी बायको मंगल याच गाडीतून, याच भोंग्याच्या गजरात सासरी आली होती. तात्यांनी जाहीर केलं, "धाकटीबी तशीच जाईल. भोंगा नाय, तर गाडी दारातून हलायची नाय."

नाशिकला परतल्यावर मी जुन्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली आणि चार भोंगे घेऊन देवळ्याला गेलो. तात्यांनी चारही वाजवून पाहिले. "ही रिक्षा. ही बी रिक्षा. हा कुल्फीवाला. आन् हा..." चौथा त्यांनी पुन्हा एकदा दाबला. "याला सर्दी झालीय."

इंटरनेट तेव्हा नवं होतं. गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. आमच्या घराजवळच्या कॅफेत बसून मी तीन आठवडे शोधलं आणि अस्सल तोच भोंगा सापडला, इंग्लंडमध्ये! विकणारे हेन्री नावाचे म्हातारे गृहस्थ होते. जुन्या मोटारींचे सुटे भाग विकायचे.

मी फोनवर ही बातमी सांगितली, तर तात्यांचा पहिला प्रश्न, "टॅक्स किती बसंल?"

इथे सांगायला हवं, की मी व्यवसायाने विक्रीकर सल्लागार. घराबाहेर तशी पाटी आहे. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांनी मला माझ्या विषयातला प्रश्न विचारला होता! मी खुर्चीत ताठ बसलो.

"शून्य, तात्या!"

"शून्य कसा?"

"विक्री झाली इंग्लंडात. आपला विक्रीकर लागत नाही. माल चालला देशाबाहेर, म्हणजे त्यांचाही लागत नाही. दोन्हीकडून शून्य!"

मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एकदा कुणाला तरी विचारा ना."

"कुणाला विचारू? लोक मला विचारतात!"

मी कॅफेतून हेन्रीसाहेबांना ई-मेल पाठवली, की माल परदेशी जातोय, सबब किमतीतला तुमच्याकडचा कर कमी करावा. दुसऱ्या दिवशी उत्तर, "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. कमी केला." त्या उत्तराची मी प्रत काढून देवळ्याला पाठवली. तात्यांनी ती बाजार समितीत वाचून दाखवली. (इंग्रजी वाचली, अर्थ आपल्या मनाने लावला.) "जावयानं विलायतचा टॅक्स माफ करून आणला!" पुढच्या खेपेला मी देवळ्याला उतरलो, तर तिघांनी चहा पाजला.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण मी हेन्रीसाहेबांना आणखी एक सल्ला फुकट दिला. पार्सलच्या चिठ्ठीवर पाल्हाळ लावू नका. जितकं जास्त लिहाल, तितक्या शंका निघतात. खरं लिहा, पण थोडक्यात लिहा.

हेन्रीसाहेब आज्ञाधारक निघाले. त्यांनी लिहिलं, "जुना हॉर्न. एक नग. अस्सल."

लग्नाला पंधरा दिवस उरले असताना पार्सलऐवजी मुंबईहून कस्टमचं पत्र आलं. पत्राचा मथितार्थ असा, की आपल्या नावे परदेशातून एका प्राण्याचं शिंग आलं आहे. ते आणायची वन्यजीव कायद्याखालची परवानगी घेऊन समक्ष हजर व्हावं!

मंगलने पत्र दोनदा वाचलं. "शिंग?"

"हॉर्नचं शिंग केलंय. किरकोळ गैरसमज आहे," मी म्हणालो. "मी जातो आणि पाच मिनिटांत मिटवतो."

मी एकटा गेलो असतो, तर कदाचित मिटलंही असतं. पण तात्या ऐकेनात. पांढरा सदरा, टोपी आणि आंब्याची पेटी घेऊन ते स्टेशनवर माझ्या आधी हजर. आंब्याची पेटी मी महत्प्रयासाने मुंबईतल्या एका नातेवाइकाकडे ठेवायला लावली.

कस्टमच्या कचेरीत समोर एक मॅडम होत्या. टेबलावर आमचं खोकं, अजून सीलबंद. त्यांनी तात्यांकडे पाहून विचारलं, "हा हॉर्न तुमचा?"

"माझाच."

"मॅडम, त्याचं असं आहे..." मी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा. आजोबांना बोलू द्या. हं, आजोबा, हा मागवला कशासाठी?"

"तिला बसवायला. तिचा पहिला मोडला ना."

मॅडम चमकल्या. "तिला म्हणजे? जिवंत आहे?"

"म्हातारी झालीय. पण लय दमाची! अजून गडाचा घाट चढती. मधी एकदा पाणी पाजलं, की झालं."

"ठेवता कुठे तिला?"

"गोठ्यात. पडवीत कांदा भरलाय."

मी तोंड उघडलं. मॅडमनी हाताने मिटवलं. म्हणजे हात वर केला, मी मिटलं. "आणि पहिला हॉर्न मोडला कसा?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यांनी तोडला."

"तुम्ही?"

"चुकून," मी म्हणालो.

"दसऱ्याला," तात्यांनी माहिती पुरवली. "पूजेच्या वक्ताला. हार घातला, आन् मग यांनी तिला त्याच्या अंगावरच घातली."

मॅडमचं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून उभे राहिले. माझ्याकडे ज्या नजरेने सगळे पाहत होते, ती नजर मी आजवर फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोखालच्या मजकुरात वाचली होती.

"परवाना आहे का तुमच्याकडे तिला पाळायचा?"

"हाय ना!" तात्यांनी सदऱ्यातून पिशवी काढली, पिशवीतून पुडकं काढलं आणि आरटीओचं पुस्तक मॅडमपुढे ठेवलं. "नंबरबी हाय. इन्शुरन्सबी हाय."

मॅडमनी पुस्तक उघडलं. वाचलं. परत पहिल्या पानावर गेल्या. मग शिपायाला म्हणाल्या, "खोकं फोडा."

पेंढ्यातून पितळी भोंगा बाहेर आला आणि तात्यांचे डोळे भरून आले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी फुगा दाबला.

"पोंऽऽऽ!"

अख्खी कचेरी उभी राहिली. कुठल्याशा टेबलावरून फायलींचा ढीग कोसळला. आणि मॅडम हसायला लागल्या, त्या डोळे पुसेपर्यंत थांबल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आजोबा, परत एकदा वाजवा." तात्यांनी पाच वेळा वाजवला.

"म्हणजे हा मोटारीचा सुटा भाग आहे," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर मी मघापासून सांगतोय!" मी म्हणालो.

"मग मोटारीच्या सुट्या भागाची ड्युटी लागेल." त्यांनी कागद ओढला. एक मूळ ड्युटी, तिच्यावर दुसरी, त्या दोहोंच्या बेरजेवर तिसरी.

"असं कसं? विक्रीकर इथे लागतच नाही!"

"तुम्ही काय करता?"

मी आवाज शक्य तितका खाली नेला. "विक्रीकर सल्लागार आहे."

"तुमचं अगदी बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "विक्रीकर मी लावलेलाच नाही. ही कस्टम ड्युटी आहे."

तात्यांनी ती लगेच भरली. इतके खूश होते, की परतीला आगगाडी सोडून भाड्याची जीप केली, भोंगा मांडीवर घेऊन बसले आणि नाशिक आल्याच्या आनंदात, नेमक्या जकात नाक्यासमोर, खिडकीतून "पोंऽऽऽ!"

नाक्यावरचा कारकून बाहेर आला. "काय माल आहे?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, हितं बी शून्यच ना?"

मी खिशात हात घातला.

लग्न दणक्यात झालं. वैशाखाच्या उन्हात गाडी दोनदा तापली, दोनदा तिला पाणी पाजलं. सुषमा निघताना रडायचं ठरवून बसली होती, पण तात्यांनी भोंगा वाजवला तशी फिस्सकन हसली, मग मंगल हसली, मग सगळा मांडव. भटजींनीही एकदा दाबून पाहिला. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "थेट विलायतहून आणलाय. आमचे जावई लय हुशार!" (मी आचाऱ्याच्या मागे उभा होतो.)

त्यानंतर आठवड्याने सुषमाचे नवे चुलतसासरे ऑफिसात आले. त्यांना परदेशातून द्राक्षबागेच्या फवारणीचं यंत्र मागवायचं होतं. "तुमचा या विषयात हातखंडा आहे, असं तात्या म्हणाले. कर लागेल का?"

मी डोळे मिटले. बराच वेळ विचार केला.

"लागेल," मी म्हणालो.

"कुठला?"

"जेवढे असतील तेवढे सगळे."

ते भारावून गेले. म्हणाले, इतकं स्पष्ट सांगणारा सल्लागार पहिल्यांदाच भेटला! आणि बाहेर जाऊन त्यांनी आणखी दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवली. दोघांनाही मी हाच सल्ला दिला. अजून तरी चुकलेला नाही.