पाणी बघणाऱ्या बाई

कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात आला, की बाई आधी तो उजेडात धरायच्या. डोळे बारीक करून बघायच्या, मग घोट घ्यायच्या. आता तुम्हीच सांगा, आमच्या कळमनुरीत पाहुणीनं असं केलं तर घरधनिणीला काय वाटेल? माझ्या सासूबाईंनी तर त्या गेल्यावर हंडा पुन्हा चिंचेनं घासून काढला होता.

बाई आमच्या कॉलेजात माझ्यासारख्याच वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. कुरुंद्याच्या हळदवाल्या घरातली लेक, पण तरुणपणी गोदावरीच्या मुखाशी राहून समुद्रातल्या जिवाणूंवर काम करून आलेली. डोळ्यांना न दिसणारे जीव, पण झाडासारखे उन्हावर जगणारे. वर्गात सांगायच्या, "नदीचा गाळ येऊन पाणी गढूळ झालं, की हिरवट जातीची चलती. निवळ पाण्यात गुलाबी जातीची. त्यायचं सगळं पाण्यावर हाय." वावरातला युरिया पावसानं आमच्या कयाधू नदीत येतो आणि वाहत वाहत समुद्राला मिळतो, हे सांगताना तर त्यांना हसू यायचं. "आपण इकडं खत टाकून राहिलो, पीक तिकडं येऊन राहिलंय."

मीही हेच शिकवत होते. पण माझ्या तासाला पोरं घड्याळ बघायची आणि त्यांचा तास संपला तरी जागची हलायची नाहीत. ते एक वेळ सोसलं असतं. त्यांच्याच वर्गात बसणारी माझी स्वतःची मुलगी जेवताना पेला उजेडात धरायला लागली, तेव्हा मात्र माझा जळफळाट झाला. काहीही बोला, तिचं "बाई म्हणतात" सुरू. लहानपणी शेवाळ दाखवायला तिला नदीवर मीच नेलं होतं, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी पाणी बगा." पोरगं नापास झालं, सून रुसून माहेरी गेली, उत्तर हेच. मुलीची बारावी झाल्यावर त्या घरी आल्या आणि पेला न्याहाळत म्हणाल्या, "लेकरू हुशार हाय. पाणी बदलून बगा. समुद्राकडं धाडा."

"काहून? आमच्या पाण्यात काय खोट हाय?" मी विचारलं.

"खोट न्हाई, ताई. मीठ न्हाई."

मुलगी खळखळून हसली. त्याच वर्षी ती किनाऱ्यावरच्या कॉलेजात शिकायला गेली. फोनवर माझी चौकशी झाली, की लगेच "बाई कशा हायत?" कधी कधी हा प्रश्न आधीच यायचा.

यंदा उन्हाळ्यात बाई वारल्या. मुलीची परीक्षा चालू होती, तिला येता आलं नाही. नंतर आली ती एक बाटली छातीशी धरून. आत गुलाबी पाणी, तिनं स्वतः वाढवलेले जिवाणू. बाई नाहीत हे ठाऊक असूनही ती स्टँडवरून आधी त्यांच्या घरी गेली. दाराचं कुलूप बघून मग आमच्याकडे आली.

"आई, हे बाईसाठी वाढवलं व्हतं," ती म्हणाली. "आता तूच सांभाळ."

बाई गेल्यावर तरी माझा हेवा जाईल असं वाटलं होतं. कसला जातोय? पण थेट ऊन लागू नये म्हणून मी बाटली उत्तरेच्या खिडकीत ठेवली. मुलगी परत गेली. सकाळी उठले की मी ती बाटली उजेडात धरते, डोळे बारीक करून बघते आणि मग चहा ठेवते.

परवा तिचा फोन आला.

"आई, पाणी कसं हाय?"

"गुलाबी हाय," मी म्हणाले. "अन् मी बी बरी हाय."