मामांची भूक

आमच्या मामांइतका मन लावून जेवणारा माणूस उभ्या रेणापूर तालुक्यात दुसरा झाला नाही. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवतं. तेव्हा मामा आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कडब्याच्या कोप्यांत आंबिल पिऊन येत आणि मग घरच्या भज्जीवर, म्हणजे डाळी-भाज्यांच्या मिसळीवर, बसत. कुठे थांबायचं ते मामी ठरवत. मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्या ताट उचलत, आणि एवढा हेकट माणूस, पण हूं की चूं करत नसे.

मध्यंतरी छातीत कळ आली आणि पुण्याच्या मुलाने तब्येतीवर नजर ठेवणारं घड्याळ पाठवलं. जन्मात कुणाचं न ऐकलेले मामा त्याचं मात्र मुकाट ऐकू लागले. सकाळी झोप कशी झाली म्हणून विचारलं, तर मनगट बघून सांगत, "चांगली न्हाई झाली म्हणतंय." मघापर्यंत टवटवीत असलेला माणूस लगेच कण्हत आडवा होई. एकदा मयतीच्या घरी आम्ही भेटायला बसलो होतो. घड्याळाने चालायला सांगितलं, तसे मामा उठले आणि गंभीर चेहऱ्याने मांडवाला फेऱ्या घालू लागले. हा काहीतरी विधी असेल असं समजून दोन म्हातारे हात जोडून त्यांच्यामागे निघाले. मला हसू आवरेना. मामी मात्र मान खाली घालून बसल्या होत्या.

जेवणाचंही तेच. किती वाढायचं ते घड्याळाला जोडलेला मोबाइल सांगे, मामी तेवढंच वाढत. चेहऱ्याकडे बघायचं कामच उरलं नाही. तब्येत सुधारली हे खरं, डॉक्टरही खूश होते, त्यामुळे मामींनी राग काढावा तरी कुणावर?

यंदाच्या येळवसेला चार्जिंग संपून घड्याळ शेतातच बंद पडलं. पूजा झाली, पंगत बसली. मामी वाढायला वाकल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी विचारलं, "भूक लागली का ओ?"

मामा काळ्या काचेकडे बघत राहिले. "कळंना गं. तूच बघून सांग की."

मामींनी पळी खाली ठेवली आणि त्यांचा चेहरा निरखून पाहिला. आम्ही सगळे हात आवरून थांबलो.

"मला बी कळंना आता," त्या म्हणाल्या.

मग मामी, आयुष्यात पहिल्यांदाच, पंगतीत त्यांच्या शेजारी बसल्या, आणि परक्याच्या घरी जेवायला आल्यासारखे ते दोघं एकेक घास सावकाश खाऊ लागले.